घरच्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवताना या चुका टाळा

आजीच्या जात्यावरच्या ओव्या, सप्ताहातलं भजन, मुलांचे बोबडे बोल. असल्या कॅसेट हौसेने काढल्या जातात आणि पहिला प्रश्न येतो, "एमपीथ्री किती केबीपीएसची करू?" केबीपीएस म्हणजे दर सेकंदाच्या आवाजाला फाइल किती माहिती वापरते तो आकडा, पण तो प्रश्न शेवटचा. फाइल हवी तितक्या वेळा बदलता येते. जुनी टेप आणखी किती वेळा धड वाजेल याचा भरवसा नाही. म्हणून सगळी काळजी रेकॉर्डिंगच्या बाजूला घ्या.

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोट्या खिट्ट्या असतात. शाबूत असतील तर आधी मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबून ओव्या पुसल्या जाणार नाहीत. टेपच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसली (कोकणातल्या दमट घरांत हे हमखास) तर ती कॅसेट मशीनमध्ये घालूच नका. बुरशी हेडला (टेप वाचणाऱ्या मशीनमधल्या भागाला) लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. बाकीच्या एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवून घ्या, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

आता केबल. बहुतेकांची गाडी अडते ती इथेच. लॅपटॉपला बहुधा एकच भोक असतं, तेही माइकवाल्या हेडफोनसाठी. टेपरेकॉर्डरची साधी केबल त्यात खुपसली की लॅपटॉपला वाटतं हेडफोन लावला, आणि तो स्वतःच्याच माइकवरून रेकॉर्ड करत बसतो. ओळखायचं कसं? रेकॉर्डिंग चालू असताना लॅपटॉपवर बोटाने टकटक करा. पडद्यावरची रेघ उसळली, की समजा तुमच्या फाइलमध्ये ओवीबरोबर कुकरच्या शिट्ट्याही जमा होताहेत. उपाय म्हणजे यूएसबी साउंड कार्ड, पण स्वस्तातल्या कार्डांना फक्त माइकचं भोक असतं. त्यात स्टिरिओ येत नाही आणि आवाज फाटतो. घेताना 'लाइन इन' (टेपरेकॉर्डरसारख्या यंत्राचा आवाज आत घेणारं भोक) आहे ना, हे विचारूनच घ्या. जुन्या डेस्कटॉपला मागे निळं भोक असतं, ते लाइन इन, गुलाबी माइकचं.

दुसरा छुपा शत्रू विंडोज. मीटिंगमध्ये पंख्याची घरघर जावी म्हणून माइकच्या सेटिंगमध्ये 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' असतात. एकसारखा, न बदलणारा आवाज दिसला की तो गोंगाट समजून दाबायचा, एवढीच त्यांची अक्कल. तंबोरा नेमका तसाच असतो! पेटीचा धरलेला सूरही. मग गाणाऱ्याने श्वास घेतला की मागचा तंबोरा विझतो, आलाप सुरू झाला की पुन्हा उगवतो. हे नंतर दुरुस्त होत नाही, त्यामुळे आधीच ते बंद करा. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या मोफत प्रोग्राममधल्या 'नॉइज रिडक्शन'बाबतही (गोंगाट कमी करण्याच्या सोयीबाबत) तेच. नमुना म्हणून निव्वळ टेपची सरसर असलेला तुकडा निवडा, तंबोरा सुरू झाल्यानंतरचा नव्हे, आणि सहा डेसिबलवर थांबा. जास्त ओढलंत तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. माझं विचाराल तर थोडी सरसर राहू द्यावी.

लेव्हल लावताना लोक सुरुवातीचा संथ अभंग ऐकून लावतात आणि शेवटच्या गजरात टाळ कडाडले की मीटर लाल. शून्य डेसिबलवर कापला गेलेला आवाज परत येत नाही. त्यामुळे कॅसेट आधी गजरापर्यंत पुढे न्या, तिथे उंच टोकं उणे सहाच्या आसपास ठेवा, मग मागे येऊन सुरू करा.

सतत हूं असा गुंजारव येतोय? लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानेच जातो.

रेकॉर्डिंग झालं की 'सेव्ह' करून उठू नका. त्यातून तयार होणारी .एयूपी३ ही ऑडॅसिटीची कामाची फाइल, ती मोबाइलवर वाजत नाही. 'एक्स्पोर्ट' करून ४४,१०० हर्ट्झ, १६ बिटची वेव्ह फाइल काढा. तासाभराच्या स्टिरिओला सुमारे ६३५ एमबी लागतात. जागेची चणचण असेल तर फ्लॅक प्रकारची फाइल: आकार बराच कमी, आवाज जसाच्या तसा.

एमपीथ्री नेहमी या मूळ फाइलवरून करा. १२८ केबीपीएसची ३२० केली की फक्त आकार वाढतो, गेलेलं काही परत येत नाही. फाइलच्या नावातलं .ओपस (आवाजाच्या फाइलचा आणखी एक प्रकार) खोडून .एमपीथ्री लिहिलं म्हणजे रूपांतर झालं, असंही नाही. तो नुसता पाटी बदलण्याचा प्रकार. गाण्याला १९२ पुरे, नुसत्या बोलण्याला मोनो ६४ सुद्धा चालेल. आणि नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना स्पीकरसमोर फोन धरून व्हॉइस मेसेज करू नका, फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा.