कार्बन रिमचे मागचे चाक बांधताना: आधी ताण, मग आऊट

अॅल्युमिनियमच्या रिमवर सायकलचे चाक बांधणाऱ्याला नजरेवर भिस्त ठेवता येते, कारण एखादी तार (स्पोक) सैल राहिली की रिम त्या ठिकाणी झुकते आणि आऊट, म्हणजे फिरताना रिमचे आडवे किंवा वरखाली डुलणे, लगेच दिसतो. कार्बनची रिम मात्र इतकी ताठ असते की शेजारच्या तारांच्या ताणात बराच फरक असूनही चाक सरळ फिरत राहते, आणि तो दोष काही महिन्यांनी तुटलेल्या तारेच्या किंवा सैल झालेल्या निपलच्या (तारेचे टोक रिममध्ये धरणाऱ्या छोट्या नटाच्या) रूपाने बाहेर येतो. म्हणून येथे ताणमापक हे ऐच्छिक अवजार नाही.

उदाहरणादाखल २८ भोकांची ७००सी (रोड सायकलच्या नेहमीच्या मापाची) रिम, १४२ मिमीचा डिस्क ब्रेकचा हब (चाकाचा मधला भाग) आणि तीन छेद देऊन, म्हणजे प्रत्येक तार त्याच बाजूच्या तीन तारांना ओलांडेल अशा, भरलेल्या तारा घेऊ. तारांची लांबी काढण्यासाठी रिमचा ईआरडी, म्हणजे समोरासमोरच्या दोन निपलांच्या टोकांमधले अंतर, स्वतः मोजावे. छापील आकड्यावर विसंबू नये. ठाऊक लांबीच्या दोन तारांना निपल लावून त्या समोरासमोरच्या भोकांतून ओढून धराव्यात, मधली फट मोजून तीत दोन्ही तारांची लांबी मिळवावी, आणि रिमवर तीन ठिकाणी तसे करून सरासरी घ्यावी. निपलखाली वॉशर घालायचे असतील, तर तेही मोजणीच्या वेळीच घातलेले असावेत. तारेचे टोक निपलच्या खाचेच्या तळापर्यंत पोहोचले पाहिजे. आखूड तारेमुळे निपलचे डोके तुटते.

निपल पितळीच घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कार्बन वीजवाहक असल्यामुळे ओलाव्यात त्याला टेकलेले अॅल्युमिनियम झपाट्याने गंजते. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत ही गोष्ट पुस्तकी राहत नाही. अॅल्युमिनियमचे घेतले तर २८ निपलांमागे वाचतात ते जेमतेम २० ग्रॅम.

तारा भरण्याआधी त्यांच्या आट्यांना जवसाच्या तेलाचा हलका हात द्यावा. ते आधी वंगणाचे काम करते आणि वाळल्यावर आटे धरून ठेवते. भरण्याची रीत नेहमीचीच आहे: बाहेरून जाणारी तार पहिल्या दोन तारांच्या वरून आणि तिसरीच्या खालून न्यावी, आणि व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींपासून दूर झुकतील असे पाहावे, म्हणजे पंपाला जागा राहते. खोल रिममध्ये निपल आत पडला तर तो काढण्यात अर्धा तास जातो. म्हणून निपल एका सुट्या तारेच्या टोकावर उलटा, दोनच आटे बसवून आत न्यावा. रिमची भोके मध्यापासून सरकवलेली असतील, तर मागच्या चाकात ती डिस्कच्या बाजूला आली पाहिजेत. उलट बसवलेल्या रिममुळे दोन्ही बाजूंच्या ताणांतली तफावत उलट वाढते, आणि ही चूक तारा भरून झाल्यावरच लक्षात येते.

कॅसेटमुळे (मागच्या दातेरी चक्रांच्या संचामुळे) हबची उजवी फ्लँज, म्हणजे तारा अडकवायची कडा, मध्याच्या जवळ येते. ती मध्यापासून २० मिमी आणि डावी ३४ मिमी असेल, तर उजवीकडे १२० किलो ताण असताना डावीकडे सुमारे ७० किलोच येतो. भोके ३ मिमी सरकवलेल्या रिममध्ये हाच आकडा ९० किलोच्या जवळ जातो. डावा ताण आपण ठरवत नाही. तो चाक मध्यावर आणताना आपोआप ठरतो. उजव्या बाजूची कमाल मर्यादा रिमच्या निर्मात्याने दिलेली असते आणि ती ओलांडू नये, कारण कार्बन वाकून इशारा देत नाही, निपलच्या भोकाभोवती तडकतो.

आटे दिसेनासे होईपर्यंत सर्व निपल सारखे फिरवून घ्यावेत, मग अर्ध्या आणि पुढे पाव फेऱ्यांनी ताण वाढवावा. २ मिमीच्या तारेवर एक पूर्ण फेरी निपलला सुमारे ०.४५ मिमी पुढे नेते, त्यामुळे शेवटी आठवा हिस्साही पुरतो. चपट्या तारा पक्कडीने धरूनच निपल फिरवावेत, नाहीतर निपलऐवजी तारच वळते. निम्मा ताण आल्यावर डिश, म्हणजे रिम हबच्या बरोबर मध्यावर आहे का, ते तपासावे. त्यानंतर प्रत्येक तारेचे माप कागदावर लिहावे आणि एका बाजूच्या सर्व तारा सरासरीच्या पाच टक्क्यांच्या आत आणाव्यात. ताणमापकावरचा आकडा किलोत नसतो, तो तारेच्या जाडी व आकारानुसार तक्त्यातून काढावा लागतो. चपट्या तारेसाठी गोल तारेची ओळ वाचली तर सगळीच मेहनत वाया जाते.

मग समांतर तारांच्या जोड्या मुठीत घट्ट दाबून चाकाची बैठक बसवावी आणि पुन्हा मोजावे. आडवा आऊट ०.२ मिमीच्या आत आणताना एका तारेवर जोर न देता शेजारच्या तीनचार तारांत बदल वाटून द्यावा. रिमच्या जोडापाशी उभा आऊट थोडा राहिला तर राहू द्यावा; तो ताणाने काढण्याचा हट्ट धरला तर त्या तारांची मापे बिघडतात. ट्यूबलेसची टेप (ट्यूब नसलेल्या टायरसाठी रिमची भोके बंद करणारी) दुसऱ्या दिवशी, मापे पुन्हा घेऊन ती कालच्या कागदाशी जुळल्यावरच चिकटवावी.