‘सर्व्हर गेला’ म्हणण्याआधी : रिमोट डेस्कटॉपच्या या चुका टाळा

सकाळी साडेनऊला फोन. “सर, सर्व्हर गेला.”
“स्क्रीनवर काय लिहून आलंय?”
“काय तर इंग्लिशमधी आलं हुतं, मी ओके करून टाकलं.”

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. आलेला मेसेज वाचायच्या आत त्याला ओके करून उडवायचं आणि मग मला विचारायचं, काय झालं असेल? मी कोल्हापुरात लोकांचे सर्व्हर सांभाळतो. शिरोली एमआयडीसीतले कारखाने, मार्केट यार्डातल्या पेढ्या, राजारामपुरीतली सीए ऑफिसं, सगळ्यांचं टॅली आता भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर (लांबच्या डेटा सेंटरमधला, रिमोट डेस्कटॉपनं नेटवरून उघडायचा कॉम्प्युटर) आहे आणि सगळ्यांची ही सवय एकच. युजरनेम-पासवर्ड चुकलाय असं सर्व्हर सांगत असेल, तर तुम्ही त्याच्या दारापर्यंत पोचलायत, नेटला शिव्या देऊ नका. ‘रिमोट कॉम्प्युटरशी कनेक्ट होता येत नाही’ असं आलं, तर वाटेतच कुठेतरी अडलंय, तिथं पासवर्ड दहादा टाकून काय होणार? फोनवर वाचून दाखवायचा कंटाळा असेल तर फोटो काढून पाठवा. मी फोटो आल्याशिवाय लॅपटॉप उघडत नाही.

दुसरा लाडका गैरसमज : पिंग (सर्व्हरला नेटवरून मारलेली हाक) लागत नाही म्हणजे सर्व्हर बंद. विंडोज सर्व्हरचा फायरवॉल (कुणाला आत सोडायचं ते ठरवणारा पहारेकरी) बहुतेक वेळा पिंगला उत्तरच देत नाही, पण सर्व्हर मजेत चालू असतो. रिमोट डेस्कटॉप ३३८९ नंबरच्या पोर्टवर (नेटवरून आत यायच्या नंबरी दारावर) बसलेला असतो, तेव्हा तपासायचा तो पोर्ट. पॉवरशेलमध्ये (विंडोजमधली कमांड टाइप करायची खिडकी) टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड, तिच्यापुढे सर्व्हरचा आयपी (नेटवरचा पत्ता) आणि पोर्ट ३३८९. शेवटच्या ओळीत ट्रू आलं की रस्ता मोकळा. त्याच्याही आधी मी मोबाईलचा हॉटस्पॉट लावून बघतो. हॉटस्पॉटवरून लागलं आणि ऑफिसच्या लाईनवरून नाही लागलं, तर सर्व्हरला हात लावायचं कारणच नाही. दोन मिनिटांचं काम आहे, पण नव्या पोरांना आधी सर्व्हर रिस्टार्ट करायचा असतो.

आता जरा लांबण लावतो, कारण ही चूक माझी स्वतःची आहे.

शाहूपुरीतल्या एका व्यापाऱ्याचा सर्व्हर मी बसवला होता. सुरक्षेच्या नादात फायरवॉलला सांगून ठेवलं, फक्त ऑफिसच्या स्टॅटिक, म्हणजे न बदलणाऱ्या, आयपीवरून येणाऱ्याला आत सोडायचं. भारी वाटलं होतं तेव्हा. मग जुलै २०२१ चा पूर आला. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी कधीच ओलांडलेली, शिरोलीजवळ हायवेवर पाणी, ऑफिसात लाईट नाही. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये खणखणीत चालू, आणि त्याच्यापर्यंत एकही माणूस पोचू शकत नाही. अकाउंटंट बाई माहेरी गडहिंग्लजला अडकलेल्या, गड्यांचे पगार काढायचे राहिलेले.

म्हटलं, सर्व्हर कंपनीच्या पॅनेलमधून (सर्व्हर सांभाळायचं त्यांच्या वेबसाइटवरचं पान) नियम बदलू. पॅनेलचा ओटीपी जातो ऑफिसच्या मोबाईलवर, आणि तो मोबाईल टेबलाच्या ड्रॉवरमध्ये! मालकांचा पोरगा गुडघाभर पाण्यातून जाऊन तो घेऊन आला. चार्जिंग ४ टक्के. ओटीपी फोनवर ओरडून सांगितला, मी टाकला, बाईंच्या मोबाईलचा आयपी नियमात घातला. पगार सुरू झाले. दोन तासांनी परत फोन, “सर, पुन्हा तुटलं.” मोबाईल नेटचा आयपी बदलत राहतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही, त्या गडबडीत सुचलं नाही एवढंच.

पुढच्या रविवारी मी व्हीपीएन (सर्व्हरपर्यंतची खासगी, बंद वाट) बसवला. आता ३३८९ फक्त त्यातून दिसतो, माणूस गडहिंग्लजला असो की चंदगडला. आणि पॅनेलचं लॉगिन दोन माणसांकडे, ओटीपी दोन वेगळ्या नंबरांवर. नवीन गिऱ्हाईक आलं की मी हे आधी विचारतो, रॅम किती हवी ते नंतर.

त्याच्या उलट टोकाचे लोक ३३८९ सगळ्या जगाला उघडा ठेवतात आणि युजरनेम अॅडमिनिस्ट्रेटरच ठेवतात. सिक्युरिटी लॉग उघडून ४६२५ नंबरच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदी मोजा, म्हणजे कळेल रात्रभर कोण कोण पासवर्ड ठोकून बघतंय ते. त्या ठोकाठोकीनं खातंच लॉक होऊ शकतं, आणि सकाळी तुम्ही म्हणता, पासवर्ड बरोबर असून घेत नाही.

पोर्ट बदलायचा असेल तर नवा पोर्ट आधी फायरवॉलमध्ये उघडा, मग रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगची वही) बदला. उलट केलंत तर स्वतःच बाहेर कडी लावून बसाल. विंडोजचा फायरवॉल वेगळा आणि सर्व्हर कंपनीच्या पॅनेलमधला वेगळा, दोन्हीकडे उघडावा लागतो.

रिमोटवर बसून नेटवर्क कार्ड डिसेबल करू नका. केलेलं आहे लोकांनी.

संध्याकाळी काम संपलं की स्टार्टमध्ये जाऊन शटडाऊन करणारेही आहेत. अहो, तो तुमच्या टेबलावरचा पीसी नव्हे! अॅडमिन हक्क सगळ्यांना वाटले की हे होणारच. दुसरी जमात कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून घरी जाते. फुलीनं फक्त कनेक्शन तुटतं, आतलं सेशन, टॅली, एक्सेल सगळं तसंच चालू राहतं. साध्या विंडोज सर्व्हरवर एका वेळी दोनच सेशन मिळतात, ती दोघांनी अडवली की तिसरा बोंबलतो. क्वेरी युजर कमांडनं कोण बसलंय ते बघा, लॉगऑफनं उठवा. आणि रोज जाताना साइन आउट.

दोनपेक्षा जास्त माणसं हवी असतील तर लायसन्स घ्यावं लागतं. कुणीतरी व्हिडिओ बघून त्यासाठीचा रोल (जास्त माणसांना आत घेणारा सर्व्हरचा भाग) लायसन्सशिवाय चढवतो, १२० दिवसांची मुदत चालते, १२१ व्या दिवशी सगळे बाहेर. मग रजिस्ट्रीतली एक की उडवून मुदत परत सुरू करायचा जुगाड. दुरुस्तीपुरतं आत जायचं तर एमएसटीएससीला (रिमोट डेस्कटॉप उघडायची कमांड) स्लॅश अॅडमिन लावा, तेवढं पुरतं. जुगाडावर धंदा चालवणाऱ्याचा फोन मी सावकाश उचलतो.

क्रेडएसएसपीची (रिमोट लॉगिनची ओळख पटवायची पद्धत) एरर मे २०१८ च्या अपडेटनंतर घराघरात पोचली. एका बाजूला अपडेट आहे, दुसऱ्या बाजूला नाही, एवढंच तिचं म्हणणं. उपाय म्हणजे दोन्हीकडे अपडेट. लोक मात्र पॉलिसी ढिली करतात आणि तशीच वर्षानुवर्षं ठेवतात.

स्क्रीन काळी आली तर कंट्रोल-अल्ट-एंड दाबा, टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर चालवा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. अपडेटनंतर सर्व्हर वर यायला वीस मिनिटं लागली तर चहा प्या, पॅनेलमधून तीनदा रीसेट मारू नका.

आणि पॅनेलच्या कन्सोलमधून (सर्व्हरची स्क्रीन थेट दाखवणारी खिडकी) पासवर्ड घेत नसेल तर तोच पासवर्ड आधी युजरनेमच्या चौकटीत टाइप करून बघा. ब्रिटिश कीबोर्ड लावलेला असला की अॅटच्या जागी अवतरण चिन्ह उमटतं. ठिपक्यांत ते दिसत नाही, तिथं दिसतं. बघून झालं की पुसा मात्र, शेजारी कोण उभं असतं ते सांगता येत नाही.