हात-डोळ्यांचा मेळ कसा बसवावा: दस्तीपासून सीझन बॉलपर्यंत

कॅच सुटला की मैदानावरून हमखास आवाज येतो, "हाताला तेल लावून आलास का रे?" खरं तर बहुतेक वेळा हाताची चूक नसतेच. चेंडू डोळ्याने उशिरा धरलेला असतो, मग हात धावत सुटतात आणि बोटं चेंडू निसटल्यावर मिटतात.

डोळ्याला काही दिसल्यापासून हात हलायला लागेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात. हा वेळ सरावाने फार कमी होत नाही. सुधारतो तो अंदाज. चेंडू फेकणाऱ्याच्या हातातून सुटताना, त्याच्या उंचीवरून आणि वेगावरून तो कुठे येणार हे आधीच कळायला लागतं आणि हात तिथे वाट बघत थांबतो. हा अंदाज बसायला चेंडू नीट दिसावा लागतो, आणि नीट दिसायला तो सुरुवातीला सावकाश यावा लागतो. म्हणून साधन निवडताना किंमत बघू नका. हे साधन बघायला वेळ देतं का, एवढंच बघा. लेकरासाठी, स्वतःसाठी, घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी, सगळ्यांना हाच नियम लागू आहे.

आधी मोजून घ्या

दप्तरातली ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. एकाने ती वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवायची. तुम्ही खाली शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवायची, पट्टीला न लावता. समोरच्याने न सांगता पट्टी सोडायची, तुम्ही चिमटीत धरायची. ११ सेंटिमीटरवर धरली तर सुमारे ०.१५ सेकंद लागले, २० वर धरली तर ०.२, आणि पार ३० च्या टोकाशी धरली तर ०.२५. पाच वेळा करून मधला आकडा लिहून ठेवा.

दुसरी चाचणी भिंतीची. भिंतीपासून २ मीटरवर उभं राहायचं. टेनिस बॉल एका हाताने खालून भिंतीवर टाकायचा, दुसऱ्या हाताने झेलायचा, मग त्या हाताने टाकून पहिल्याने झेलायचा. ३० सेकंदांत किती झेल होतात ते मोजा. शेजारच्याच्या आकड्याशी तुलना करू नका, स्वतःच्या मागच्या आकड्याशी करा.

सामान घरचंच

बाजारात चिकटणाऱ्या थाळ्या, वेडीवाकडी उसळी घेणारे रबरी चेंडू, फोमचे बॉल असं पुष्कळ मिळतं. वाईट काहीच नाही. पण सुरुवातीचं सगळ्यात चांगलं साधन घरी शिवता येतं, ते म्हणजे चिंचोक्यांची पिशवी.

जुन्या पॅन्टचं जाड कापड घ्या. १२ सेंटिमीटरचे दोन चौकोनी तुकडे कापा. उलट्या बाजूने तीन कडा शिवा, टाके दुहेरी घाला, नाहीतर फरशीवर दोन-चारदा आपटल्यावर कोपरा उसवतो. पिशवी सुलट करा आणि उन्हात कडक वाळवलेले चिंचोके भरा. गच्च भरू नका. पाऊण भरली की चौथी बाजू शिवा. हातात घेतल्यावर पिशवी तळव्याच्या आकाराप्रमाणे बसली पाहिजे आणि वजन साधारण १०० ग्रॅम असावं. ज्वारी भरली तरी चालते, पण तिला पावसाळ्यात कीड लागते, आणि धान्य खेळण्यात घालायला आपल्याकडे कुणाचा जीवही होत नाही. सरकी फार हलकी पडते. अशा तीन पिशव्या करा, तीन वेगळ्या रंगांच्या.

या पिशवीचा मोठा गुण म्हणजे ती उसळत नाही आणि पळत नाही. सुटली तर पायापाशी पडते. सरावाचा अर्धा वेळ चेंडूमागे, नाहीतर नालीत हात घालण्यात जात नाही. तोंडावर लागली तरी इजा होत नाही, आणि हा गुण पुढे फार कामाला येतो.

बाकी सामानात एक पातळ दस्ती (हातरुमाल) किंवा जुन्या शिफॉन ओढणीचा तुकडा, एक टेनिस बॉल, शाळेत असते तशी टेनिकॉइटची रबरी रिंग आणि मूठभर गजगे, म्हणजे सागरगोटे, एवढं पुरे.

पायरी पहिली: दस्ती

दस्ती मधोमध चिमटीत धरून वर भिरकावा. ती तरंगत खाली येते. तेवढ्या वेळात डोळ्यांनी तिचा पाठलाग करा आणि छातीच्या उंचीवर वरून झडप घालून धरा. चार-पाच वर्षांच्या लेकरालाही हे पहिल्या दिवशी जमतं. एका हाताने टाकून दुसऱ्याने धरणं, मध्ये एक टाळी वाजवणं, उजवीकडची दस्ती डाव्या हाताने अंगावरून पलीकडे जाऊन धरणं, असं एकेक वाढवत न्या. शेवटचा प्रकार टाळू नका. पुष्कळ मुलं उजव्या बाजूचं सगळं उजव्याच हाताने करतात, आणि हात अंगाच्या मध्यरेषेपलीकडे न्यायची वेळ आली की अडखळतात.

पायरी दुसरी: पिशवी, आणि भीती

पिशवी एकट्याने डोळ्यांच्या उंचीपर्यंत उडवा आणि ओंजळीत घ्या. वर गेलेली वस्तू ज्या क्षणी थांबून खाली वळते, त्या टोकाकडे नजर ठेवा. हातांकडे बघायचं नाही. पिशवी हातापासून ६० सेंटिमीटर वर गेली तर परत यायला जेमतेम ०.७ सेकंद लागतो, एक मीटर गेली तर ०.९. उंची वाढवली की वेळ मिळतो, पण नेम चुकतो. डोळ्यांची उंची हा बरा मध्य आहे.

आता समोर माणूस उभा करा, तीन पावलांवर. इथे फेकणाऱ्याला जास्त सूचना द्याव्या लागतात. खालून फेका, छातीवर फेका, सारख्याच वेगाने फेका आणि फेकण्याआधी "घे" म्हणा. पाच वर्षांच्या मुलीला वरून जोरात मारून "धर की!" म्हणणाऱ्या मोठ्या भावाला आधी फेकायला शिकवा. चांगला फेकणारा मिळाला तर झेलणारा आठवड्याभरात बदलतो.

एक गोष्ट जवळ उभं राहून बघा. चेंडू हातभर अंतरावर आला की ज्या मुलाला झेल जमत नाही, ते मान एका बाजूला वळवतं, डोळे मिटतं आणि दोन्ही हात ताठ पुढे करतं. तळवे उघडे, बोटं फाकलेली, कोपरं सरळ. चेंडू तळव्यावर आपटून बाहेर उडतो. हे अंगाचं संरक्षण आहे, आळस नव्हे. आधी कधीतरी कडक चेंडू नाकावर बसलेला असतो. अशा मुलाला ओरडून डोळे उघडे राहत नाहीत. पिशवीकडे परत या. दोन पावलांवरून टाका. पिशवीवर खडूने काढलेल्या चिन्हाचं नाव झेलताना सांगायला लावा, गोल की फुली. चिन्ह ओळखायचं तर शेवटपर्यंत बघावंच लागतं, आणि लक्ष तिकडे लागलं की मान आपोआप सरळ राहते. कोपरं वाकवून पिशवीबरोबर हात छातीकडे ओढून घ्यायला शिकवा, म्हणजे धक्का बसत नाही.

एवढं करूनही एखादं मूल सारखं एकाच बाजूचे झेल सोडत असेल, वाचताना पुस्तक डोळ्याजवळ नेत असेल किंवा पायरी उतरताना चाचपडत असेल, तर सराव थांबवून डोळे तपासा. एका डोळ्याला अंधुक दिसत असेल तर अंतराचा अंदाज येत नाही, आणि मुलाला ते कळतही नाही, कारण त्याने जग तसंच पाहिलेलं असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाडी आणि सरकारी शाळांत तपासणीला येतात. त्या दिवशी मूल शाळेत असेल असं बघा आणि डॉक्टरांना ही लक्षणं स्वतः सांगा. अशा अंधुक पाहणाऱ्या 'आळशी' डोळ्यावर उपचार लहानपणी सुरू झाले तर फरक चांगला पडतो.

पायरी तिसरी: टप्पा आणि भिंत

टेनिस बॉलला कडक जमीन लागते. काळ्या रानात तो बसतो, उन्हाळ्यात भेगांत अडकतो, आणि कडेला सराट्याचे काटे असतात ते वेगळेच. घरातली शहाबादी फरशी किंवा शाळेचा सिमेंटचा ओटा उत्तम. आधी जमिनीवर टप्पा टाकून दोन्ही हातांनी झेल, मग एका हाताने, मग डाव्या हाताने. मग दोघांमध्ये टप्पा टाकून.

टप्प्याच्या सरावात नजरेची एक खुबी आहे. २००० साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. फलंदाज चेंडू सुटताना बघतो, आणि पुढे सगळा वेळ त्याच्या मागे न जाता नजर आधीच टप्पा पडणार त्या जागी नेऊन ठेवतो. चांगला फलंदाज ही उडी लवकर घेतो. २०२४ च्या अंडर-१९ विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात बीडच्या सचिन धसने बेनोनीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा केल्या, तेव्हापासून आपल्याकडच्या पोरांना बॅट हवी असते. हवीच. पण चेंडू कुठे पडणार हे ओळखण्याचा पाया भिंतीसमोर, बॅटशिवाय घालता येतो. भिंतीवर चेंडू मारा, परत येताना तो कुठे टप्पा घेईल ते मनात ठरवा, नजर तिथे न्या, मग झेला.

भिंतीपासून सुरुवातीला चार मीटर लांब राहा, हळूहळू दोन मीटरवर या. चुना लावलेली भिंत असेल तर गडद रंगाचा चेंडू घ्या, मातकट भिंतीवर पिवळा. सपाट भिंत सोपी वाटायला लागली की जुन्या वाड्याच्या किंवा गावकुसाच्या दगडी भिंतीवर मारा. ओबडधोबड दगडावरून चेंडू कुठेही वळतो. विकतच्या वेड्यावाकड्या चेंडूचं काम ती फुकट करते. मात्र भिंत पडकी असेल तर तिच्या जवळ जाऊ नका.

पायरी चौथी: गजगे

सागरगोट्यांना मुलींचा खेळ म्हणून बाजूला टाकणं हे आपलं मोठं नुकसान आहे, असं मला मनापासून वाटतं. एक गजगा वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचा एक उचलायचा आणि त्याच हाताने वरचा झेलायचा. मग दोन, मग तीन, मग सगळे. वर, खाली, परत वर अशी नजर एका सेकंदाच्या आत फिरते, आणि हात जमिनीवर असताना वरच्या गजग्याचा हिशोब डोक्यात चालू राहतो. ज्या आजीच्या हातात ही कला आहे तिच्याकडून शिका. यष्टिरक्षक होऊ बघणाऱ्या मुलांनी तर रोज खेळावं.

पायरी पाचवी: तीन पिशव्या हवेत

पलंगासमोर उभे राहा, म्हणजे पडलेली पिशवी उचलायला वाकावं लागत नाही. एक पिशवी उजव्या हातातून डोळ्यांच्या उंचीने कमान घेऊन डाव्यात, परत तशीच उजव्यात. कमान दोन्ही बाजूंनी सारखी होईपर्यंत पुढे जाऊ नका. मग दोन्ही हातांत एकेक. पहिली टोकाला पोहोचली की दुसरी तिच्या आतून सोडा. जवळजवळ प्रत्येक जण इथे दुसरी पिशवी वर न उडवता आडवी सरकवून देतो. तसं झालं तर थांबा, "वर, वर, घे, घे" असं मोठ्याने म्हणत करा. हे पक्कं झाल्यावर उजव्या हातात दोन, डाव्यात एक, आणि प्रत्येक पिशवी टोकाला गेली की पुढची सोडायची.

२००४ मध्ये जर्मनीतल्या रेगन्सबुर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी असा सराव तीन महिने करणाऱ्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. हलत्या वस्तू पाहण्याशी संबंधित भागात वाढ दिसली, आणि सराव सोडल्यावर ती ओसरायला लागली. म्हणून रोज दहा-पंधरा मिनिटं करा. रविवारी सलग दोन तास करून खांदे दुखवून घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर, तेही सावलीत आणि पाणी जवळ ठेवून.

वयस्कर माणसांनी दस्ती आणि पिशवीचा सराव हात असलेल्या खुर्चीत बसून करावा. पडलेली पिशवी दुसऱ्याने उचलून द्यावी.

रिंग, उंच झेल आणि सीझन बॉल

टेनिकॉइटची रिंग एका हाताने झेलायची असते. ती बोटांना अडकते, म्हणून एका हाताचा झेल शिकायला सोपी. डाव्या हाताचं काम हिच्यावर करून घ्या.

उंच झेलात आधी पाय हलतात. चेंडू वर जाताना त्याच्याकडे बघत चाला. नजर वर वर चढतच राहिली तर चेंडू मागे पडणार आहे, मागे सरका. खाली घसरायला लागली तर पुढे या. मावळतीकडे तोंड करून हा सराव कधीच नको.

टेनिस बॉल साधारण ५८ ग्रॅमचा, मोठ्यांचा सीझन बॉल, म्हणजे क्रिकेटचा चामडी चेंडू, १५६ ते १६३ ग्रॅमचा. जवळपास तिप्पट वजन, आणि कडक. टेनिस बॉलवर दोन्ही बाजूंचे झेल पक्के झाल्यावरच तो हातात घ्या, आणि पहिले काही दिवस पाच-सहा पावलांवरून खालूनच टाकून घ्या. छातीखालच्या चेंडूला बोटं जमिनीकडे, करंगळ्या जुळलेल्या. छातीवरच्याला बोटं आभाळाकडे, अंगठे जुळलेले. बोटांची टोकं चेंडूच्या रोखाने कधीही नकोत, कारण बोट मोडतं ते तिथेच.