आधी तांबं, मग सोनं

मेटलर्जी-केमिकलची मुलं प्रोजेक्ट घेऊन येतात. "दादा, मदरबोर्डमधून सोनं काढायचंय." मी विचारतो, तांब्याशी झटायची तयारी आहे का?

सोनं असतं, यात वाद नाही. खाणीतल्या टनभर दगडात सहसा मोजके ग्रॅम, तर मोबाइलच्या टनभर बोर्डांत शेकडो ग्रॅमपर्यंत. पण त्याच टनात तांबं दोनशे किलोच्या घरात! पुण्यातल्या सोन्या मारुती चौकातला झारेकरी सोन्याच्या कणांसाठी सराफांकडची धूळ धुतो तसंच हे, फक्त इथली धूळ तांब्याची.

सुरुवातीला बुधवार पेठेतून बंद पडलेल्या रॅमच्या पट्ट्या आणा. कडेच्या पिवळ्या दातांवर सोन्याचा पातळ मुलामा, खाली निकेल, त्याखाली तांबं. तांबं आधी काढलंत तर पुढचं निम्मं भांडण मिटतं. तांब्याच्या रिफायनरीतही हेच चालतं: अ‍ॅनोडचं तांबं विरघळतं आणि सोनं तळाच्या चिखलात उरतं.

खरी गंमत सोनं क्लोराइडच्या द्रावणात गेल्यावर. कागदावर सगळं सोपं: सोन्याच्या क्लोराइड संयुगाचं प्रमाण विभव (हे जितकं जास्त, तितका धातू आधी बसतो) सुमारे १.० व्होल्ट, तांब्याचं ०.३४, म्हणजे वीज सोडली की कॅथोडवर, म्हणजे ऋण टोकावर, सोनं आधी बसायला हवं. बसतंही. पण द्रावणात ते इतकं विरळ असतं, की कॅथोडलगतचं सोनं लगेच संपतं. करंट तेवढाच रेटलात, की तांबं बसू लागतं, हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि पिवळ्या थराऐवजी लालसर काळी भुकटी हाती लागते. फॅरेडेच्या हिशोबाने एक अ‍ॅम्पिअर तासाभरात २.४५ ग्रॅम सोनं बसवेल. तुमच्या बीकरमध्ये मुळात तेवढं नसतंच. म्हणून सच्छिद्र कार्बनचा कॅथोड, जोरात ढवळणं, आणि कॅथोडचं व्होल्टेज रेफरन्स इलेक्ट्रोडच्या (ज्याचं विभव स्थिर असतं) सापेक्ष बांधून ठेवणं. नुसत्या रेक्टिफायरवर (एसीचा डीसी करणाऱ्या यंत्रावर) भागत नाही.

अ‍ॅनोडवर क्लोरीन सुटतो, त्यामुळे फ्यूम हूडशिवाय (विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाशिवाय) हात लावू नका. यूट्यूब बघून गच्चीवर आम्लराज (सोनं विरघळवणारं नायट्रिक-हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण) उकळणाऱ्यांना तर मी दारातूनच परत पाठवतो.

नोकरीचं म्हणाल, तर सेल (वीज सोडलेली द्रावणाची टाकी) चालवणाऱ्यापेक्षा नमुना नीट घेणाऱ्याला जास्त मागणी. भंगाराच्या ढिगातून मूठभर माल असा उचलायचा, की त्यावरून अख्ख्या लॉटचा भाव ठरावा. ते जमलं तर 'फायर अ‍ॅसे' (भट्टीत वितळवून सोनं मोजणं) आणि 'आयसीपी' (द्रावणातले धातू मोजणारं यंत्र) शिकून होतं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम वाचून ठेवा. मुलाखतीत हमखास प्रश्न येतो: उरलेल्या निकेल-तांब्याच्या आम्लाचं काय केलंत? 'बेसिनमध्ये ओतलं' म्हणणाऱ्याला कुणी घेत नाही. ते उदासीन करायचं, गाळ वेगळा काढायचा आणि रांजणगावसारख्या अधिकृत ठिकाणी पाठवायचा.