तोडणीचे दिवस: मांडवातली गांधीलमाशी आणि चढणारी सूज

पाऊस ओसरला की दोडका-पडवळाच्या मांडवात पहिला हात घालण्याआधी पाच मिनिटे नुसते उभे राहा. माश्या एकाच जागी ये-जा करत असतील तर पानाआड पोळे आहे. तिथे लाल चिंधी बांधा आणि तो भाग त्या दिवशी सोडा. मुंबईत खाडीपलीकडच्या गोराई-मनोरीच्या वाडीत, आरेतल्या पाड्यावर किंवा रुळांकडेच्या वाफ्यावर, नियम हाच.

तरीही डसलीच तर नांगी शोधत बसू नका. मधमाशीची नांगी कातडीत अडकून राहते, गांधीलमाशीची सहसा नाही. म्हणून तीच माशी पुन्हा डसू शकते. आधी तिथून दूर व्हा, मग जागा धुऊन फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा. हाताला असेल तर अंगठी, बांगड्या लगेच काढा, नंतर निघणार नाहीत.

पहिली आग विषातल्या हिस्टामिन, सेरोटोनिन आणि किनिन या रसायनांची. खरी सूज मात्र आपलेच शरीर आणते. विषातले मॅस्टोपॅरन आपल्या कातडीतल्या मास्ट पेशींना चिथावते आणि त्या स्वतःकडचा हिस्टामिनचा साठा बाहेर ओततात. बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, झिरपू लागतात आणि पाणी मांसात उतरते. सोबत विषातले हायलुरोनिडेज दोन पेशींना जोडणारी खळ पातळ करून विषाला वाट देते, फॉस्फोलिपेज पेशींचे आवरण कुरतडते. तेव्हा हात भोपळ्यासारखा फुगला म्हणजे तेवढे विष आत गेले, असे नव्हे. दुसऱ्या दिवशी सूज आणखी वाढते, 48 तासांपर्यंत चढू शकते. तेवढ्यावरून पू झाला समजून मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. खाजेला सेट्रीझिन ही ॲलर्जीची गोळी चालते.

चुना, कांदा, कोयत्याचे पाते घासणे हे अजून सगळीकडे चालते. लोखंड गार लागते म्हणून बरे वाटते, एवढेच. विष कातडीखाली गेलेले असते, वरचा चुना तिथवर पोहोचत नाही.

घाबरायचे कधी? डंख पायाला आणि गांधी उठल्या पोटावर, तेव्हा. ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, धाप, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी, यातले काहीही काही मिनिटांतच दिसू शकते. इथे सेट्रीझिनवर थांबू नका. लागते ते मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनालिनचे इंजेक्शन. 108 लावा, माणसाला आडवे करून पाय उंच ठेवा, चालवत नेऊ नका. धाप लागली असेल तर बसू द्या. गोराई-मनोरीकरांनी खाडी ओलांडायचा वेळ धरूनच निर्णय घ्यावा, 'बघू थोडा वेळ' हे तिथे परवडत नाही. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा; तिच्यामुळे ॲड्रेनालिनचा गुण कमी येतो.

एकदम बरेच डंख बसले तर माणूस ठीक दिसला तरी रुग्णालयात न्या. स्नायू आणि रक्तपेशी फुटून त्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो. लघवी काळपट चहासारखी होणे ही त्याचीच खूण.

राहता राहिले पोळे. वाटेवर किंवा मुलांच्या हाताशी असेल तर जाणत्या माणसाकडून काढून घ्या. रॉकेलचा बोळा पेटवू नका. आडबाजूला असेल तर राहू द्या. याच गांधीलमाश्या भाजीवरच्या अळ्या उचलून आपल्या पिलांना भरवतात.