मामा तलावातली बेशरम कशी काढावी, आणि तिच्या जागी काय लावावं

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. आम्ही ढिवर, मासेमारी करणारे. माझी माय आधी चूल पेटवायची आणि मग मला टोपली देऊन तलावावर पाठवायची, मासोळी मिळणार याची तिला इतकी खात्री होती. मरळ, मागूर, वाम, झिंगे, काही ना काही मिळायचंच. पुढं पुढं रिकाम्या टोपलीनं घरी यायची वेळ आली. पाळीखालच्या, म्हणजे तलावाच्या बांधाखालच्या, विहिरीनं चैतातच तळ दाखवायला सुरुवात केली आणि धान निसवताना तुडुमातून, म्हणजे शेताला पाणी सोडायच्या दारातून, पाणी येईना. पाऊस काही थांबला नव्हता. तलाव आतून मेला होता.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले हे माजी मालगुजारी, म्हणजेच मामा, तलाव कोहळी लोकांनी बांधले. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे गावच्या जमीनदारांची मालकी, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि दरवर्षी पाळ बघणारं, गाळ काढणारं कोणी राहिलं नाही. येव्यातलं, म्हणजे जिथून पाणी उतरून तलावात येतं तिथलं, रान तुटलं. माती वाहून तळाशी बसली आणि त्या उथळ चिखलात बेशरम माजली. ही झुडपं गाळ धरून ठेवतात, गाळ वाढला की आणखी पसरतात. मूळची ही दक्षिण अमेरिकेतली. दिसायला फूल गुलाबी, पण जनावर तोंड लावत नाही आणि बकरीनं खाल्लीच तर आजारी पडते.

काम सुरू करण्याआधी ग्रामसभेत ठराव घ्या, मच्छीमार संस्थेला सोबत घ्या आणि तलाव ज्या खात्याकडं आहे तिथून लेखी परवानगी काढा. मजुरीसाठी रोजगार हमीत काम मागता येतं.

बेशरम काढायची ती उन्हाळ्यातच. आमच्याकडं मोहफूल संपतं आणि तेंदूपत्ता लागायचा असतो, त्या मधल्या दिवसांत बायांचे हात मोकळे असतात आणि पाणीही मागं सरकलेलं असतं. पहिल्या वर्षी आम्ही विळ्यानं कापली. पावसाळ्यात दुप्पट आली! पाण्यात पडलेला प्रत्येक तुकडा वाहत जाऊन दुसऱ्या काठाला रुजला होता. म्हणून कापू नका. कुदळीनं बुडाशी खणा, मुळासकट उपटा, मागं राहिलेले तुकडे पोरांना वेचायला लावा. चिकानं हात खाजतात, डोळ्यात गेला तर फार आग होते, तेव्हा हाताला फडकं गुंडाळा. उपटलेली झुडपं ओल्या चिखलावर टाकू नका, पडल्या पडल्या फुटतात. वर कोरड्या खडकावर किंवा मुरमाड जागेवर पसरा आणि काडी कटकन मोडेपर्यंत वाळू द्या. वाळली की चुलीला चालते, फक्त उघड्यावर जाळा, धूर घरात कोंडू देऊ नका. कोणी कुंपणाला मागेल, देऊ नका. असं सलग तीन उन्हाळे करावं लागतं. दुसऱ्या उन्हाळ्यात माणसं कंटाळतात, आणि तेव्हाच कोणीतरी पुढं होऊन उभं राहावं लागतं.

गाळ काढताना फार जपा. शेजारच्या एका गावात ठेकेदारानं मशीन लावून तलाव खोल केला, खाली मुरूम लागेपर्यंत. पाणी धरून ठेवणारा चिकणमातीचा थरच फुटला आणि तलाव माघातच आटला. त्या गावच्या बायांच्या डोळ्यांतलं पाणी मी पाहिलं आहे. गाळाचा रंग आणि पोत बदलला, खाली घट्ट चिकणमाती लागली, की थांबायचं. खोदायचं पाळीच्या बाजूला, जिथं तलाव मुळातच खोल असतो. येव्याकडचा उथळ उतार तसाच ठेवा. मासोळी अंडी घालते ती तिथंच, आणि वनस्पती उगवतात त्याही तिथंच. निघालेला गाळ बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, टाका, धानाला चांगला.

आता खरं काम. बेशरम काढून जागा मोकळी सोडली तर तीच परत येते, म्हणून तिथं आपल्या देशी वनस्पती लावायच्या. नावं गावागणिक बदलतात, म्हणून रूप सांगते. एक पाण्याखाली दाट वाढते, तिला हायड्रिला म्हणतात. दुसरीची पानं फितीसारखी लांब, ती व्हॅलिस्नेरिया. तिसरीची गोल पानं पाण्यावर तरंगतात आणि इवलं पांढरं फूल येतं, ती कुमुदिनी. काठाला पोकळ दांड्याचं लव्हाळं लावायचं. सारस त्याचे कंद उकरून खातो, आणि महाराष्ट्रात सारस उरला तो बहुतेक आपल्याच गोंदियाकडं. पाण्याखालच्या वनस्पती पाण्यात प्राणवायू सोडतात, अंड्यांना आधार देतात, पिल्लांना लपायला जागा देतात. त्या नसल्या की तलाव म्हणजे नुसता पाण्याचा खड्डा.

मृग लागायच्या आत कोरड्या तळाची हलकी नांगरणी करा, मुळं धरायला सोपं जातं. पहिल्या पावसानंतर गुडघाभर पाणी आलं की जवळच्या चांगल्या तलावातून, तिथल्या लोकांना विचारून, रोपं आणा. ओल्या पोत्यात गुंडाळून आणायची आणि त्याच दिवशी लावायची. आणल्यावर एकेक धुऊन बघा, जलपर्णीचं पिल्लू चिकटून आलं तर नवीन संकट. मुळाभोवती चिखलाचा गोळा करून हातभर अंतरावर दाबत जायचं. सगळा तलाव एकदम घेऊ नका. एक कोपरा धरा आणि त्याला पहिलं वर्ष बांबूचा कूड करा, नाहीतर म्हशी तुडवतात.

तलावात मासोळीचं बीज सोडताना गवत्या आणि सायप्रिनस हे मासे नको. गवत्या वनस्पती खातो, सायप्रिनस चिखल उकरून मुळं उपटतो. कटला-रोहूला हरकत नाही. थाई मागूर तर बंदीच असलेला मासा, तो कोणी स्वस्तात देतो म्हणून घेऊ नका. पहिल्या पुरात अंडी भरलेली मासोळी वर चढते, तेव्हा जाळं घरी ठेवायचं. मरळीच्या वर लालसर पिल्लांचा घोळका फिरताना दिसला तर ती आई-बाप मासोळी कधीच धरू नका, नाहीतर सगळी पिल्लं दुसऱ्यांच्या तोंडी जातात. आणि येव्यातल्या बांधीत फवारणी केली की ते पाणी लगेच तलावात सोडू नये, एवढं शेतकऱ्यांशी बसून ठरवा. ते भांडून जमत नाही. धान निसवताना पाणी त्यांनाही याच तलावातून लागतं, हे त्यांना ठाऊक असतं.

तब्येत बघायला दोरीला पांढरी ताटली बांधून पाण्यात सोडा. पावसाचा गढूळपणा बसल्यावर, दिवाळीच्या सुमारास बघा. आमच्या कोपऱ्यात ती पहिल्या वर्षी वीतभर खाली गेली की दिसेनाशी व्हायची. आता माझ्या हाताइतकी खाली दिसते, आणि तिच्याभोवती झिंगे जमतात.