खोदाईचं परमिट खड्ड्याच्या कडेला उभं राहून भरा

खोदाईचं परमिट म्हणजे खड्ड्यात काम सुरू करायची लेखी परवानगी. ऑफिसात पंख्याखाली बसून भरलेलं परमिट लगेच कळतं. ‘सर्व काळजी घेतली आहे’ हे वाक्य त्यात हमखास असतं. कुणी, कधी, कसली काळजी, याचा पत्ता नसतो. पुण्यात बेसमेंटच्या खोदाईची सेफ्टी मी बघते. नव्या इंजिनीअरला आधी बूट-हेल्मेट घालून कडेला नेते, मग कागद हातात देते.

सुरुवात नकाशानं करा, हातानं काढलेला चालेल. खड्ड्याची लांबी-रुंदी सगळेच दाखवतात. तुम्ही कडेपलीकडचं दाखवा: शेजारच्या सोसायटीची भिंत किती अंतरावर आणि किती उंच, ड्रेनेजची लाइन कुठून जाते, डंपर कुठे वळतो आणि मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या कुठे आहेत. खोल्या बहुतेक नकाशांत नसतातच. 29 जून 2019 ला कोंढव्यात रात्रीच्या पावसात सोसायटीची संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून 15 जण गेले, त्यात लहान मुलंही होती. ही माणसं कामावर नव्हती, झोपेत होती. त्यामुळे खोल्यांची जागा ठरल्याशिवाय मी खोदाईच्या कागदावर सही करत नाही.

मग मापं. सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या) सुरक्षा नियमांत ती स्पष्ट आहेत: चर 1.2 मीटर किंवा जास्त खोल असेल तर दर 30 मीटरला एक शिडी, ती जमिनीच्या वर किमान 90 सेंटिमीटर आलेली. चर 1.5 मीटर किंवा जास्त खोल असेल तर बाजूंना उतार किंवा आधार. काढलेली माती कडेपासून 1.5 मीटर किंवा चराच्या खोलीच्या निम्म्या अंतरावर, यातलं जे जास्त ते. ‘पुरेसं अंतर’ लिहू नका, आकडा लिहा. म्हणजे टेप लावून तपासता येतं.

मुरमाचं मात्र वेगळं सांगायला हवं. कोरडा मुरूम उभा कापला तरी भिंतीसारखा राहतो आणि ठेकेदार म्हणतो, ‘मॅडम, दगड आहे हा.’ पाणी मुरलं की त्याच मुरमाची ढेप न सांगता सुटते. कडेला समांतर केसाएवढी भेग दिसली, तर तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, वर खिळा मारा आणि दोन खिळ्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी रजिस्टरात लिहा. पावसाळ्यात संध्याकाळीही.

अंतर वाढलं, तळाला नवं पाणी दिसलं किंवा जोराचा पाऊस आला, की माणसं वर. हे परमिटवरच लिहा. थांबवायचा अधिकार मुकादमाच्या नावानं द्या. नुसतं ‘सुपरवायझर’ लिहिलं की ऐन वेळी तो चहाला गेलेला असतो. पावसानंतर पुन्हा पाहणी, पुन्हा सही, मगच पोकलेन सुरू.

टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधीची सुरक्षेची छोटी बैठक, हिंदीत घ्या, आमच्याकडची बरीच पोरं बिहार-झारखंडची आहेत. अंगठे घेऊन मोकळं होऊ नका. एखाद्याला विचारा, ‘दरार दिखी तो क्या करोगे?’ त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत नोंदवा. आठवडाभराच्या सह्या एकाच पेनानं, एकाच तिरकेपणात दिसल्या तर मी ते पान रद्द करते.

परमिट एका पाळीपुरतं. खड्ड्याची खोली वाढली किंवा शोअरिंग (बाजूंचा आधार) बदललं की जुन्या नकाशावर तारखेसह काट मारा, नवा काढा. फाईल ऑफिसात राहू दे. चालू नकाशाची एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून शिडीपाशी टांगा.